धक्का कोणाचा, जागा कोणाची? : बास्केटबॉल पंचांसाठी प्रश्नोत्तरे

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की ब्लॉक (वाट बेकायदा अडवणाऱ्या डिफेंडरचा फाऊल), चार्ज (डिफेंडरवर आदळणाऱ्या आक्रमकाचा फाऊल) आणि पंचाने कुठे उभं राहायचं याविषयीची पत्रं वाढतात. या वेळचा स्तंभ त्यांनाच दिला आहे. उत्तरं फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांना धरून आहेत, कारण आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमांनी होतात. टीव्हीवर दिसणाऱ्या एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे काही नियम वेगळे आहेत, ते आपल्या मैदानावर लावू नयेत.

प्रश्न : डिफेंडरचे पाय हलत होते, तरी पंचांनी ड्रिबल करणाऱ्यावर चार्ज दिला. आम्ही मुलांना ‘जागेवर थांबलास तरच चार्ज मिळेल’ असं शिकवतो. चूक कोणाची? (क्रीडाशिक्षक, सांगली)

शिकवण्यात चूक आहे, आणि ती महाराष्ट्रभर पसरलेली आहे. डिफेंडरने थांबलंच पाहिजे असं नियम कुठेही म्हणत नाही. त्याने आधी लीगल गार्डिंग पोझिशन घेतलेली हवी, एवढंच. त्यासाठी अटी दोन : तोंड समोरच्या खेळाडूकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर. किती वेळ उभं राहायचं याचा हिशेब नाही. ही पोझिशन एकदा मिळाली की ती टिकवायला तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागच्या जागी सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना क्षणभर एक किंवा दोन्ही पाय उचललेले असले तरी हरकत नाही. बॉलवाल्याच्या दिशेने पुढे येणं मात्र चालत नाही. धक्का बसण्याच्या क्षणी डिफेंडर पुढे येत असेल, तर आधीची पोझिशन कितीही चांगली असली तरी ती त्याच्या उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट वेळ आणि अंतराची. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला ही सवलत मिळत नाही. समोर कोणी तरी उभं राहणार हे त्याने गृहीत धरायचं असतं आणि थांबायची किंवा दिशा बदलायची तयारी ठेवायची असते. डिफेंडर अगदी शेवटच्या क्षणी आला, पण धक्क्याच्या आधी पोचला, तर तो वेळेवरच आला. याला अपवाद हवेतल्या खेळाडूचा. आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटल्यावर डिफेंडरला त्याच्या वाटेत शिरता येत नाही.

मग निर्णय कसा करायचा? धक्का शरीराच्या कुठल्या भागावर बसला ते बघायचं. एक प्रसंग सावकाश बघू. उजव्या बाजूने ड्रिबल करणारा खेळाडू एंडलाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) मुसंडी मारतो. डिफेंडर त्याच्यासोबत दोन पावलं सरकतो. धक्का त्याच्या छातीवर, म्हणजे धडावर समोरून बसला, तर तो तिथे आधी पोचला होता आणि हा चार्ज. पण तो अर्ध्या पावलाने मागे राहिला आणि त्याने कंबर, खांदा किंवा गुडघा बाहेर काढून वाट अडवली, तर धक्का त्या बाहेर काढलेल्या भागावर बसतो, तो ब्लॉक. पोझिशन घेतल्यानंतर दुखापत टाळायला डिफेंडर आपल्या जागेत थोडा वळला किंवा त्याने हात छातीशी घेतले, तर त्याचा हक्क जात नाही. बरेच नवे पंच तिथे ‘वळला म्हणजे ब्लॉक’ असं ठरवून टाकतात.

बहुतेक चुकांचं मूळ एकच : पंचाची नजर बॉलवर असते. बॉलमागे नजर गेली की फक्त आपटल्याचा आवाज येतो, कोणी तरी पडलेलं दिसतं, आणि जो जास्त जोरात पडला त्याच्या बाजूने शिट्टी जाते. ड्राइव्ह (रिंगकडची मुसंडी) सुरू झाला की नजर डिफेंडरवर न्या. तो कधी समोर आला, पाय कधी टेकले, पुढे येतोय की मागे जातोय, हे धक्क्याआधीच कळलेलं असलं की निर्णयाला वेळ लागत नाही.

शिक्षेचंही सांगून ठेवतो. बॉल ताब्यात असलेल्या संघाचा फाऊल असेल तर समोरच्या संघाला थ्रो-इन (रेघेबाहेरून बॉल आत टाकणं), फ्री थ्रो नाहीत. क्वार्टरमध्ये त्या संघाचे 4 फाऊल आधीच झालेले असले तरी नाहीत. पण शॉट मारून बॉल हातातून सुटल्यावर तोच खेळाडू डिफेंडरवर आदळला, तर संघाचा ताबा बॉल सुटताच संपलेला असतो. अशा वेळी बास्केट झालं तर ते धरायचं, चार्जही द्यायचा, आणि तो त्या क्वार्टरमधला पाचवा किंवा त्यापुढचा संघ-फाऊल असेल तर डिफेंडरला 2 फ्री थ्रो. ‘चार्ज झाला म्हणजे बास्केट रद्द’ असं सरसकट धरू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर रिंगखालचं अर्धवर्तुळ नाही. ते कसं आखायचं, आणि त्याचा नियम नेमका कधी लागतो? (प्रशिक्षक, नाशिक जिल्हा)

आखणी दोन माणसांची आणि अर्ध्या तासाची. रिंगवर दोन दोऱ्यांची फुली बांधा, फुलीच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि तो जमिनीला टेकतो तिथे खूण करा. खुणेपासून एंडलाइनची आतली कडा 1.575 मीटरवर यायला हवी. येत नसेल तर खांब सरकलेला आहे किंवा एंडलाइनच चुकली आहे, आधी ते बघा. आता खुणेपासून 1.25 मीटरच्या दोरीने अर्धवर्तुळाची आतली कडा आणि 1.30 मीटरच्या दोरीने बाहेरची कडा काढा, म्हणजे 5 सेंटिमीटरची रेघ मिळते. दोन्ही टोकांपासून एंडलाइनच्या दिशेने 37.5 सेंटिमीटरच्या सरळ रेघा ओढा. त्या बोर्डच्या पुढच्या बाजूच्या बरोबर खाली संपतात. रंग कोर्टच्या इतर रेघांचाच.

नियम लागतो तो असा. आक्रमक बॉल ताब्यात घेऊन हवेत आहे, शॉट मारतोय किंवा पास देतोय, आणि डिफेंडरचा एक किंवा दोन्ही पाय अर्धवर्तुळात आहेत. रेघ अर्धवर्तुळाचाच भाग आहे, म्हणून रेघेवरचा पाय आत धरायचा. अशा धक्क्याला चार्ज देत नाहीत. मात्र चार्ज नाही म्हणजे आपोआप ब्लॉक, असं समजू नका. डिफेंडर पोझिशनमध्ये असेल आणि त्याने हात, पाय किंवा कंबर बाहेर काढली नसेल, तर कोणाचाच फाऊल नाही, खेळ चालू ठेवायचा. शिट्टी गिळणं तिथे अवघड जातं, पण नियम तसाच आहे.

आक्रमक बोर्डच्या मागच्या बाजूने आत शिरला असेल तर अर्धवर्तुळाची ही सूट नाही. तिथे नेहमीचे ब्लॉक-चार्जचे निकष.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत दोनच पंच असतात. मी कायम पळत असतो, तरी ‘सर, दिसलं नाही का?’ हेच ऐकतो. उभं कुठे राहायचं? (नवीन पंच, सोलापूर)

पळण्याचा आणि दिसण्याचा संबंध वाटतो तितका नाही. दिसण्यासाठी दोन खेळाडूंच्या मधली फट दिसावी लागते. दोघे तुमच्या नजरेच्या एका रेषेत आले की जवळच्याची पाठ दिसते आणि धक्क्याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाजावर शिट्टी मारू नये.

लीड (खेळाच्या पुढे राहणारा पंच) एंडलाइनच्या बाहेर साधारण 1 मीटर, ट्रेल (मागून येणारा पंच) बॉलच्या मागे, थोडा डावीकडे. दोघे एकमेकांच्या तिरप्या समोर आणि दहाही खेळाडू दोघांच्या मध्ये, हा पाया. खेळापासून 3 ते 6 मीटर अंतर चांगलं. त्याहून जवळ गेलात तर बॉल आणि हातच दिसतात, पाय नजरेबाहेर जातात. रिंगखाली घुसून उभा राहणारा लीड हमखास इथे फसतो. आपल्याकडे बऱ्याच मैदानांवर बोर्डचा खांब एंडलाइनजवळच असतो. लीडने त्याच्या आड राहू नये, बॉल बाजू बदलत असताना तो आधीच ओलांडावा.

फट बंद होतेय असं दिसलं की खेळाडू जिकडे चालला आहे त्याच्या उलट दिशेला एक-दोन पावलं टाका. ड्रिबलर लीडच्या डावीकडे निघाला तर लीडने उजवीकडे सरकायचं. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, कारण शरीर बॉलमागे ओढलं जातं. पण बॉलसोबत पळालात की तुम्ही, आक्रमक आणि डिफेंडर एका रेषेत येता. निर्णयाच्या क्षणी मात्र पाय थांबलेले हवेत. पळताना डोकं वरखाली होतं आणि धक्का छातीवर बसला की खांद्यावर, हे सांगता येत नाही. आधी पोचा, मग थांबा, मग बघा.

फास्ट ब्रेकमध्ये (झटपट प्रतिहल्ल्यात) जो पंच लीड होणार आहे त्याने पहिली चार-पाच पावलं जीव तोडून पळायची आणि तोंड कोर्टकडे ठेवून थेट एंडलाइन गाठायची. फ्री थ्रोच्या रेघेच्या सरळीत थबकलेला लीड लेअपच्या (रिंगजवळच्या धावत्या शॉटच्या) वेळी हलत असतो आणि मागेही पडलेला असतो.

वाटणीचं एक. बॉल ट्रेलच्या भागात असताना लीडने बॉल बघायचा नाही. पोस्टमधली (रिंगजवळच्या जागेतली) ढकलाढकल, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी डिफेंडरची वाट अडवणं), बॉलविना धावणारे, हे त्याचं काम. दोन्ही पंच बॉल बघत असतील तर बाकीच्या आठ जणांवर कोणाचीच नजर नाही, आणि भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

सरावासाठी मोबाइल एंडलाइनवर, तुम्ही उभे राहता तिथे, डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि एकास-एक ड्राइव्ह चित्रित करा. प्रत्येक ड्राइव्हनंतर ‘धक्का कुठे बसला’ एवढंच आधी बोला, निर्णय नंतर. मग चित्रण बघा. कोणत्या कोनातून चुकताय ते लवकर कळेल.

प्रश्न : बास्केटबॉल अंगाला अंग न लावता खेळायचा असतो ना? मग प्रत्येक स्पर्शाला शिट्टी का नाही? (पालक, पुणे)

जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जे 13 नियम लिहिले, त्यांतल्या पाचव्यात खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाडणं आणि मारणं यांना मनाई होती. ती मनाई आजही आहे. पण 28 बाय 15 मीटरच्या कोर्टवर दहा जण धावताना अंग लागणारच, हे नियमही मान्य करतात. म्हणून पंचाने दोन गोष्टी तपासायच्या : ज्याच्यामुळे स्पर्श झाला त्याला अवाजवी फायदा झाला का, आणि समोरच्याचं नुकसान झालं का. ड्रिबलर स्पर्शानंतरही त्याच वेगात, त्याच दिशेने निघून गेला आणि त्याचा तोल ढळला नाही, तर शिट्टी मारून त्याचंच लेअप बुडवू नका. स्पर्श झाल्यावर क्षणभर थांबून परिणाम बघायला हरकत नाही.

काही बाबतींत मात्र वाट बघायची नाही. ड्रिबलरच्या अंगावर हात ठेवून तो तसाच राहू देणं, आडवा हात लावून त्याला रोखणं, पुन्हा पुन्हा हात लावणं. यांना सामन्याच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच शिट्टी मिळाली तर खेळाडू हात काढतात. तेव्हा सोडलंत तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोपर चालतात. मुलांच्या सामन्यांत मारामारीपर्यंत गेलेल्या प्रसंगांची सुरुवात पुष्कळदा अशा सोडून दिलेल्या हातांत असते.

प्रश्न : शॉट अडवताना डिफेंडरने हात वर धरून सरळ उडी मारली. अंग लागलं, फाऊल मिळाला. योग्य की अयोग्य? (महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर)

उडी खरोखर सरळ असेल तर अयोग्य. प्रत्येक खेळाडूचा एक काल्पनिक सिलिंडर असतो : पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूंना हात-पायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत, आणि त्यावरची सगळी हवा. हात पुढे धरायचे ते पाय आणि गुडघ्यांच्या पलीकडे न नेता. या हद्दीत राहून वर गेलेल्याला शिक्षा नाही, मग शॉट मारणारा त्याच्यावर कितीही जोरात आदळो. हात कानाशेजारून पुढे झुकले किंवा उडी घेताना छाती पुढे सरकली की जबाबदारी डिफेंडरची. हे समोरून कळत नाही, बाजूने कळतं, म्हणून लीडने बोर्डच्या बरोबर खाली राहू नये.

शॉट मारणाऱ्यालाही हीच हद्द लागू आहे. मोकळ्या हाताने डिफेंडरला दूर ढकलणं, किंवा शॉटनंतर पाय फाकवून मुद्दाम लाथ लागू देणं, हा त्याचा फाऊल.

प्रश्न : उंच मुलगा मागून रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घेतो तेव्हा बाकावरून ‘पाठीवरून, पाठीवरून!’ ओरडा होतो. काय द्यायचं? (पंच, ठाणे)

स्पर्श न होता वरून बॉल घेतला तर काहीच नाही, उंची हा गुन्हा नाही. पुढच्याला ढकललं, खाली दाबलं किंवा त्याच्या उडीत अडथळा आणला तर पुशिंग. उलटही लक्षात ठेवा : बॉक्स आऊट करणारा (मागच्याला पाठीने अडवून जागा धरणारा) पार्श्वभागाने मागच्याला दोन पावलं सरकवत असेल तर तो पुढच्याचा फाऊल.

प्रश्न : स्क्रीन कायदेशीर की बेकायदेशीर, हे झटकन कसं ओळखायचं? (शिक्षिका आणि पंच, रत्नागिरी)

आधी स्क्रीन लावणाऱ्याचे पाय. धक्क्याच्या वेळी दोन्ही पाय जमिनीवर आणि तो स्थिर, सिलिंडरच्या आत, हे हवंच. मग ज्याला स्क्रीन लावला तो काय करत होता ते बघा. तो उभा होता आणि स्क्रीन त्याच्या नजरेसमोर किंवा बाजूला लागला, तर स्पर्श न होईल इतकं जवळ येता येतं. नजरेआड, पाठीमागे लावला, तर त्याला एक नेहमीचं पाऊल टाकण्याइतकी जागा द्यावी लागते. तो धावत असेल तर वेगाप्रमाणे किमान 1 आणि जास्तीत जास्त 2 पावलांची. पाठीमागून लावलेल्या स्क्रीनवर लहान मुलं जबर आपटतात, म्हणून तिथे अंतर काटेकोर मोजा.

पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळण्यात) नेहमीची चलाखी म्हणजे शेवटच्या क्षणी कंबर किंवा खांदा अर्धा फूट बाहेर सरकवणं. ट्रेलची नजर बॉलवर असते, म्हणून हा फाऊल पकडायचा लीडने.

प्रश्न : लो पोस्टमध्ये दोघेही ढकलतात. कोणाला पकडायचं? (प्रशिक्षक, नागपूर)

ज्याने दुसऱ्याला त्याच्या जागेवरून हलवलं त्याला. बॉल आत येण्यापूर्वीच पायांकडे बघा. कोण कुठे उभा होता हे माहीत नसेल तर कोण सरकला हे कळणार नाही. गुडघा मागून खुपसणं, कोपराच्या पुढचा हात पाठीवर आडवा लावून रेटणं, हे डिफेंडरचे नेहमीचे फाऊल. खांदा मारून जागा करणं आणि मागे हात टाकून डिफेंडरला अडकवणं, हे आक्रमकाचे. डिफेंडर अचानक मागे हटला आणि त्याच्यावर रेलून उभा असलेला पडला, तर तो फाऊल नाही.

बॉल हातात आल्यावर त्या खेळाडूलाही पिव्होट करायला (एक पाय रोवून वळायला) आणि बॉल एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला सिलिंडर मिळतो. डिफेंडर छातीला चिकटून आत शिरला आणि नेहमीच्या हालचालीत धक्का बसला, तर तो डिफेंडरचा फाऊल. त्यासाठी इल्लीगल सिलिंडरची वेगळी खूण आहे, दोन्ही उघडे हात सरळ वर-खाली. कोपर अंगापासून दूर फिरवून मारणं मात्र आक्रमकाच्या हक्कात बसत नाही.

प्रश्न : जंप शॉट मारून खाली येताना आमच्या मुलीचा पाय डिफेंडरच्या पायावर पडला, घोटा मुरगळला. पंचांनी ‘शॉट आधीच झाला होता’ म्हणून सोडून दिलं. (पालक, छत्रपती संभाजीनगर)

सोडायला नको होतं. शॉट मारणारी खेळाडू दोन्ही पाय जमिनीला परत टेकेपर्यंत शॉटच्या कृतीतच धरली जाते. उडालेल्या खेळाडूला त्याच जागी उतरण्याचा हक्क आहे. दुसऱ्या जागी उतरायचं असेल तर ती जागा आणि तिथवरची वाट उडी घेताना मोकळी असायला हवी. हवेत असलेल्या खेळाडूच्या खाली पाय सरकवून धक्का देणं हा बहुतेक वेळा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) फाऊल असतो, फार धोकादायक असेल तर डिसक्वालिफाइंग (खेळाडूला सामन्यातून बाद करणारा).

पंचांसाठी उपाय सोपा आहे : बॉल सुटला तरी त्याच्यामागे रिंगपर्यंत नजर नेऊ नका. शॉट मारणाऱ्याचे पाय जमिनीवर परत येईपर्यंत तिथेच बघा. बॉल आत गेला की नाही हे जाळी सांगते.

प्रश्न : धक्का न लागताच पडणाऱ्याचं काय करायचं? (पंच, पणजी)

खेळ न थांबवता खोट्या फाऊलची खूण दोनदा करा, आणि त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा त्या खेळाडूला व त्याच्या प्रशिक्षकाला ताकीद द्या. प्रत्येक संघाला अशी एकच ताकीद मिळते. त्याच संघातल्या कोणीही पुन्हा केलं तर टेक्निकल फाऊल, म्हणजे समोरच्या संघाला 1 फ्री थ्रो.

प्रश्न : एकाच धक्क्याला मी ब्लॉक दाखवला, माझ्या जोडीदाराने चार्ज. मैदानात गोंधळ झाला. हे टाळता येईल का? (जिल्हास्तरीय पंच, जळगाव)

शिट्टी वाजवल्यावर फक्त मूठ वर करा आणि तिथेच थांबा. कमरेवर हात किंवा तळहातावर मूठ, ही पुढची खूण जोडीदाराशी नजरानजर झाल्याशिवाय देऊ नका. धक्का ज्याच्या भागात झाला त्याचा निर्णय. दुसऱ्याने मूठ खाली घेऊन खेळाडूंवर नजर ठेवावी. दोघांच्या भागांच्या सीमेवरच्या प्रसंगांसाठी सामन्याआधीच ठरवा : मधून आत येणारा ड्राइव्ह ट्रेलने सुरुवातीपासून बघितलेला असतो, तो शेवटपर्यंत त्याचा, एंडलाइनकडून येणारा लीडचा, आणि लीडच्या पुढ्यात दुसरा डिफेंडर मदतीला सरकला तर तो धक्का लीडचा, कारण तो कधी पोचला हे त्यानेच पाहिलेलं असतं. दोघांच्याही खुणा जाऊनच बसल्या असतील तर बाकांकडे न बघता एकत्र या आणि एकमेकांना एवढंच विचारा : डिफेंडर आधीपासून कोणाला दिसत होता?